यंदाच्या शिमग्यात पालखी त्या अंगणात थांबू द्या

आमच्या गावची गावकी, मानकरी, देवस्थानाचे विश्वस्त आणि मुंबई मंडळाचे सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

हे म्हणणं मला सभेत मांडायचं होतं. मंडळाच्या गेल्या सभेत मी बोलायला उठलो, तेव्हा 'हा विषय पत्रिकेवर नाही' असं सांगून मला बसवण्यात आलं. त्याआधी गावात दोन मानकऱ्यांच्या घरी जाऊन आलो. दोघांनीही चहा दिला, दोघांनीही 'बघू' म्हटलं. फाक पंचमीला, म्हणजे शिमगा सुरू व्हायला, आता थोडे दिवस राहिलेत, म्हणून उघडपणे लिहितो. गावाचं किंवा कुणा माणसाचं नाव मी यात घालत नाही. गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आहे, एवढं पुरे. कोणतं घर ते तुम्हाला सांगावं लागणार नाही.

चार वर्षं झाली. ग्रामदेवतेची पालखी खालच्या आळीत उतरते, एकेका अंगणात थांबते, बाया ओटी भरतात, गाऱ्हाणं होतं आणि पालखी पुढे सरकते. फक्त एका घरापुढे ती थांबत नाही. तिथे ढोलही बंद होतो आणि पुढच्या घराच्या कुंपणापाशी पुन्हा सुरू होतो. पहिल्या वर्षी त्या घरातली सून ओटीचं ताट घेऊन दारात उभी होती. दुसऱ्या वर्षीही होती. आता दार बंद असतं, पण खिडकीची एक फळी उघडी असते. पालखीबरोबर चालणाऱ्या प्रत्येकानं ती पाहिली आहे.

त्या घराला वाळीत टाकण्याचा ठराव माझ्या अक्षरात आहे. मी तेव्हा मंडळाचा सचिव होतो. 'सदर कुटुंबाशी कोणीही कोणत्याही प्रकारचा व्यवहार ठेवू नये, ठेवल्यास त्यासही दंड करण्यात येईल, सर्वानुमते मंजूर.' हे मीच इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं. 'सर्वानुमते' हा शब्द मला कुणी सांगितला नव्हता. कुणी हात वर केला नव्हता, कुणी विरोधही केला नव्हता. अध्यक्षांनी विचारलं, सगळे गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्याला मी सर्वानुमत असं नाव दिलं.

त्या घराचा गुन्हा काय होता तो पुन्हा एकदा सांगतो, कारण चार वर्षांत त्याच्यावर इतकी पुटं चढलीत की नवीन पोरांना खरी गोष्ट माहीतच नाही. देवळाचा जीर्णोद्धार झाला. घरटी वर्गणी ठरली, ती त्यानं वेळेवर भरली. काम झाल्यावर त्यानं सभेत विचारलं की स्लॅबवर किती खर्च झाला, आणि पावत्या कुठे आहेत. कुणावर आरोप केला नाही, शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. मी तिथे होतो. उत्तर मिळालं नाही, म्हणून पुढच्या सभेत त्यानं तेच पुन्हा विचारलं.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक आली. गावकीनं ठरवलं की निवडणूक बिनविरोध करायची आणि कोण कुठल्या प्रभागातून जाणार तेही ठरवलं. महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवर कुणाची बायको बसणार हे पुरुषांच्या बैठकीत ठरलं, त्या बाईला ते नंतर कळलं. तेव्हा ह्या माणसाच्या बायकोनं स्वतः तहसील कार्यालयात जाऊन अर्ज भरला. तो मागे घ्यावा म्हणून तीन रात्री लोक त्यांच्या पडवीत बसून होते. तिनं घेतला नाही. ती हरली, आणि निकालानंतरच्या रविवारी मुंबईत तो ठराव झाला.

एक गोष्ट मात्र तेव्हा कुणी मोठ्यानं बोललं नाही. त्या घरात मतदार चार आहेत, आणि तिला मतं शंभरावर मिळाली. म्हणजे पडद्याआड, बोट शाईनं रंगवून घेतल्यावर, शंभर माणसं तिच्या बाजूनं उभी राहिली. ती माणसं आपल्याच घरांतली आहेत. बैठकीत ती गप्प होती. गाव एका मताचं आहे असं आपण जे म्हणतो ते खरं नाही, आणि हे आपल्या सर्वांना त्या रात्रीपासून माहीत आहे.

एका स्थानिक वर्तमानपत्रात तेव्हा आसपासच्या बिनविरोध ग्रामपंचायतींचं कौतुक छापून आलं होतं, आणि त्या यादीत आपलं नाव नाही याचं दुःख मंडळाच्या सभेत बोलून दाखवलं गेलं. बिनविरोध निवडणूक खरोखर एकमतानं झाली तर मला आनंदच आहे. पण जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या दोन गावांच्या ग्रामपंचायत निवडणुका रद्द केल्या, कारण तिथे पदांचा लिलाव झाला होता. देवळाच्या नावानं पैसा बोलला गेला म्हणून ते पवित्र ठरलं नाही. आपल्याकडे लिलाव झाला नाही, हे मान्य. पण उमेदवार उभा राहिला म्हणून त्याचं रोजचं जगणं बंद करायचं, ह्यात मतदाराच्या हाती काय उरतं?

वाळीत टाकणं म्हणजे काय, हे मुंबईत बसून ठराव करणाऱ्या आम्हाला कळलं नव्हतं. नोकरी संपवून मी गावी राहायला आलो तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. त्याची रिक्षा आहे. वाडीतला माणूस भर उन्हात डोक्यावर पोतं घेऊन चढण चढतो, पण त्या रिक्षात बसत नाही. पावसाळा संपल्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागते तेव्हा दोर ओढायला त्याला हाक मारत नाहीत, आणि दोराला हात नाही म्हणून वाटाही नाही. गिरणीवर त्यांचा डबा घेत नाहीत, म्हणून तांदूळ दळायला ती बाई एसटीनं तालुक्याला जाते. लावणीच्या दिवसांत आपण एकमेकांच्या शेतात जातो, त्यांच्या शेतात कुणी जात नाही. दोघं नवराबायको आणि शाळेतली मुलगी तिघं मिळून लावतात, त्यात आवण, म्हणजे भाताची रोपं, निबर होऊन जातं. दुकानदाराला मी एकदा एकट्याला गाठून विचारलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "गावान ठरवलान, मी काय करणार?"

दोन वर्षांपूर्वी आषाढात त्या घरातल्या काकी गेल्या.

आपल्याकडे माणूस गेलं की घरटी एक लाकूड येतं. निरोप द्यावा लागत नाही. पाऊस असला तर माळ्यावरचं, पडवीतलं, कोरडं शोधून लोक आणतात. त्या दिवशी एकही लाकूड आलं नाही. बाईच्या माहेरची चार माणसं दुसऱ्या गावाहून टेम्पो घेऊन आली. लाकडं टेम्पोत आली, खांदेकरीही टेम्पोत आले. माझ्या पडवीत आंब्याचं वाळलेलं लाकूड रचून ठेवलेलं होतं. माझं घर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. मी दार लावून आत बसलो. दंडाची भीती मला नव्हती. आपण वेगळे पडू, पुढच्या शिमग्यात आपल्या दारातून पालखी अशीच पुढे जाईल, याची भीती होती.

ह्याच काकींबद्दल आणखी एक सांगायचं आहे, आणि ते आपल्यातल्या साठीच्या पुढच्यांना आठवेल. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा माझे वडील लालबागच्या एका गिरणीत होते. तिथल्या गावाच्या खोलीत राहणारे सगळेच संपात होते. काही महिन्यांत खोली रिकामी झाली, वडील गावी परतले. आमची जमीन म्हणजे दोन वाफे. त्या वर्षी गावकीनं बैठक घेऊन ठरवलं की गिरणीतल्या प्रत्येक घराला दर महिन्याला तांदूळ पोचला पाहिजे, आणि कुणी कुणाला पोचवला याची चर्चा करायची नाही. आमच्याकडे ह्या काकी यायच्या. दिवेलागणीनंतर, पदराखाली टोपली घेऊन. मी शाळेत होतो. पुढची तीन वर्षं मी जे जेवलो त्यातलं किती त्यांच्या कणगीतलं होतं हे मला सांगता येणार नाही.

म्हणून गावकी मोडा असं मी कधी म्हणणार नाही. 'गाव करी ते राव न करी' हे मी खाल्लेल्या अन्नावरून सांगू शकतो. मुंबईत माणूस आजारी पडला की इस्पितळात रात्री कोण थांबणार हे मंडळानं ठरवलं आहे, पोरांना वह्या दिल्या आहेत, पुलासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. पण तीच गावकी एका घराचं पीठ बंद करते तेव्हा त्याला मी एकी म्हणू शकत नाही.

एकी कशी असते हे आपल्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या चरी गावात दिसलं होतं. २७ ऑक्टोबर १९३३ ला तिथल्या कुळांनी ठरवलं की खोतांची जमीन कसायची नाही. नारायण नागू पाटील पुढे होते, बाबासाहेब आंबेडकरांचा पाठिंबा होता, पंचवीस गावं त्यात उतरली आणि तो संप जवळजवळ सहा वर्षं चालला. लोकांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले. तिथेही बहिष्कारच होता, पण तो नांगर धरणाऱ्यांनी कोठारं असणाऱ्यांवर टाकला होता. आपण सबंध गाव मिळून एका रिक्षावाल्यावर टाकला.

'प्रथा आहे' असं मला सांगण्यात आलं. प्रथा आहे, खरंच आहे. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तेव्हा आपल्या दापोलीच्या किनाऱ्यावरच्या मुरुड गावानं सभा भरवून त्यांना वाळीत टाकलं. कर्वे मुरुडला आले आणि घरच्यांनी त्यांना घरात ठेवून घेतलं, तर घरच्यांवरही बहिष्कार, असं त्या सभेत ठरलं. म्हणजे शिक्षा पुण्यात राहणाऱ्या मुलाला आणि पहारा गावातल्या आईवर. हे पुन्हा वाचलं तेव्हा मी वही काढून माझा ठराव वाचला. 'ठेवल्यास त्यासही दंड करण्यात येईल.' एकशे तीस वर्षांनी कलम तेच आहे. ज्याच्यावर राग आहे त्याच्यापेक्षा त्याला पाणी देणाऱ्याला धाक घालणं हेच ह्या प्रथेचं खरं काम आहे. म्हणून तर ती चालते. कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं तेव्हा ते शंभरीत पोचले होते. आपल्या शाळेत त्यांची तसबीर आहे, आणि त्याच शाळेत त्या घरातली मुलगी मधल्या सुट्टीत एकटी डबा खाते.

आता कायद्याचं. हा भाग तुम्हाला आवडणार नाही, पण तो लपवून ठेवणं म्हणजे तुम्हाला फसवणं होईल.

मुंबई राज्यानं १९४९ साली बहिष्काराविरुद्ध एक कायदा केला होता. तो १९६२ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, कारण धर्मपंथाच्या अधिकाराचा प्रश्न त्यात आला. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं वाळीत पडलेल्या माणसाला नेमका असा कायदा नव्हता. रायगड, रत्नागिरीतून तक्रारी येत राहिल्या, जातपंचायतींविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी राज्यभर रान उठवलं, आणि एप्रिल २०१६ मध्ये आपल्या विधिमंडळानं सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा एकमतानं मंजूर केला. राष्ट्रपतींची संमती मिळून तो जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. धार्मिक कार्यात भाग घेऊ न देणं, लग्नात-मर्तिकात अडवणं, सेवा नाकारणं, संबंध तोडायला लावणं, हे सगळं त्यात येतं. बहिष्कार टाकण्यासाठी बैठक भरवणं हाही गुन्हा आहे. आपण जे केलं ते एकेक करून तिथे लिहिलेलं आहे. आपला ठराव २०१७ नंतरचा आहे, आणि तो लिहिणारा मी आहे. उद्या कुणी तक्रार केली तर पहिलं नाव माझं असू द्या. वही मी नष्ट करणार नाही आणि कुणाला करू देणार नाही.

त्या घरानं अजून तक्रार केलेली नाही. पोलीस ठाण्याची पायरी चढली की गाव कायमचं गेलं, असं त्यांना वाटतं. त्यांना गाव हवं आहे. एवढं होऊनही हवं आहे, याचा आपण थोडा विचार करावा.

आणि कागदावर हक्क असला म्हणून तो मिळतो असं नाही, हे कोकणाला तरी सांगायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनं पुढच्याच वर्षी चवदार तळं खुलं असल्याचं ठरवलं. तरी अस्पृश्य मानलेल्यांपैकी तळ्यावर कुणी जाऊ शकलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह चालत गेले, पाणी प्यायले, आणि सवर्णांनी मारहाण केली, तळं 'शुद्ध' करून घेतलं. न्यायालयाचा शेवटचा निकाल १९३७ साली लागला. म्हणजे ठरावापासून चौदा वर्षं. एवढा वेळ वाट बघायला लावण्यासारखं ह्या घरानं आपलं काही केलेलं नाही.

हिशेबाबद्दल थोडक्यात. आपलं देवस्थान सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याखाली नोंदलेलं आहे. हिशेब ठेवणं आणि तपासून घेणं ही विश्वस्तांची जबाबदारीच आहे. त्या माणसानं विचारलं नसतं तरी ते वाचून दाखवायला हवे होते. विश्वस्तांपैकी कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही, मला तसं वाटतही नाही. स्लॅबच्या वेळी दोघांनी पदरचे पैसे घातलेत हे मला ठाऊक आहे. मग तर पावत्या समोर ठेवायला काहीच अडचण नको. साधं उत्तर पाच मिनिटांत देता आलं असतं. ते न देता आपण चार वर्षं एका घराला शिक्षा देत आहोत, केवळ विचारल्याचा राग म्हणून.

आणखी एक, जे मला पूर्वी कधी सुचलं नव्हतं. ठराव झाला त्या सभेत एकही बाई नव्हती. गावकीच्या बैठकीला बायकांना बोलावत नाहीत, मंडळात त्या हळदीकुंकवापुरत्या असतात. ग्रामसभेत त्यांना बसण्याचा हक्क आहे, ग्रामपंचायतीत निम्म्या जागा त्यांच्या आहेत, पण गावाचे निर्णय ग्रामसभेत होतच नाहीत, ते आदल्या रात्री देवळाच्या सभामंडपात होतात. माझ्या बायकोला मी अलीकडे विचारलं की तू तिथे असतीस तर काय म्हणाली असतीस. ती म्हणाली, काकींच्या घरचं पीठ बंद करायला कुठली बाई हो म्हणाली असती? आणि मग तिनं सांगितलं की चार वर्षांत तिनं तीन वेळा मागच्या दारानं दळण पोचवलं आहे. मला न सांगता. गावात अशी दारं आणखी किती घरांना आहेत हे मी आता विचारत नाही.

मला हल्ली गावात 'पुरोगामी' म्हणतात, आणि तो शब्द ज्या सुरात येतो तो मला कळतो. मी देव मानतो. पालखी खांद्यावर घेतली की माझ्या अंगावर काटा येतो. 'पाचामुखी परमेश्वर' यावर माझा विश्वास आहे, पण पाचही मुखांना बोलता आलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. आपला गुरव गाऱ्हाणं घालतो तेव्हा काय म्हणतो ते आठवा. वाडीतल्या लहानथोरांची, गुरावासरांची, परमुलखात गेलेल्या लेकरांची राखण कर, कुणाकडून चूकभूल झाली असेल तर पदरात घे. आणि आपण सगळे एका आवाजात म्हणतो, व्हय महाराजा. त्या गाऱ्हाण्यात कुठल्याही घराचा अपवाद सांगितलेला नसतो. अपवाद आपण नंतर चालताना करतो.

तेव्हा मागणं असं आहे. शिमग्याआधी एक बैठक घ्या, तिला बायकांना बोलवा, आणि तो ठराव मागे घेतल्याचं त्याच वहीत लिहा. मी लिहायला तयार आहे, दुसऱ्या कुणी लिहिलं तरी चालेल. त्या कुटुंबाकडून माफीनामा मागू नका, नारळ मागू नका, दंड मागू नका. ते देतीलही, मुलीसाठी काहीही देतील, म्हणूनच मागू नका. देवळाचा हिशेब त्याच बैठकीत वाचा. मुंबई मंडळाला माझी वेगळी विनंती आहे: गावातल्या माणसांच्या चुलीबद्दल मुंबईच्या सभागृहात बसून ठराव करण्याचं आपण ह्यापुढे बंद करू. आपण दोन सणांना येतो, ते तिथे बाराही महिने राहतात.

हे होईल की नाही मला माहीत नाही. मी काय करणार ते मात्र सांगून ठेवतो, म्हणजे ऐनवेळी कुणाला दगा दिल्यासारखं वाटायला नको. सहाणेवरून, म्हणजे पालखी ठेवतात त्या चौथऱ्यावरून, पालखी उठल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी ती खालच्या आळीत येते. आमच्या घराचा खांद्याचा मान तिथूनच सुरू होतो. यंदा मी तो मान त्या घराच्या कुंपणापर्यंत घेईन. पालखी अंगणात वळली तर मीही वळेन. ती पुढे जायला लागली तर मी खांदा दुसऱ्याकडे देईन आणि त्या अंगणात जाऊन उभा राहीन. त्या सुनेला मी कालच जाऊन सांगून आलो आहे. काकी गेल्यापासून त्या उंबऱ्यावर मी प्रथमच गेलो. तिनं बसायला पाट दिला. ओटीचं ताट माळ्यावरून काढून घासून ठेवते, म्हणाली.

आपला,
मंडळाचा माजी सचिव